धाक म्हणजे आधार नव्हे

पोरगा व्यसनी निघाला की नातेवाइकांचा निकाल ठरलेला असतो: "संगत वाईट, घरच्यांचा धाक नाही." संगतीचं मी मान्य करतो, पहिली सिगारेट बहुधा मित्रच पुढे करतो. पण त्याच कट्ट्यावरचे काही जण तिथेच थांबतात आणि काही अडकतात, ते का? धाकाची भाषा बोलणाऱ्यांकडे याचं उत्तर नाही.

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा एमपीएससीचा विद्यार्थी घ्या. पूर्वपरीक्षेचा निकाल लागलाय, यादीत नंबर नाही. गावाहून फोन येतो, "काय झालं रे निकालाचं?" "अजून लागला नाही, अण्णा," म्हणत तो फोन ठेवतो आणि टपरी गाठतो. अण्णांनी त्याच्यासाठी कर्ज काढलंय, महिन्याचे पैसे कधी चुकवले नाहीत. माया उदंड आहे, पण अपयश सांगायची सोय तिच्यात नाही. आणि नापास झालो हे जिथे सांगता येत नाही, तिथे व्यसन लागलंय हे कोण सांगेल? धाकाने व्यसन सुटत नाही, लपतं. लपलं की बळावतं.

"सिगारेटने डोकं शांत होतं," हा पोरांचा युक्तिवादही फसवा आहे. निकोटिनचा अंमल उतरला की जी तगमग होते, तीच पुढची सिगारेट शमवते. निकालाचा ताण जागचा हलत नाही, त्यात या तगमगीची भर पडते.

धाकवाले आइसलँडचा दाखला देतील. तिथे अल्पवयीन मुलांच्या रात्री बाहेर राहण्यावर बंधन आहे. पण तेवढंच उचलू नये. तिथे आईवडिलांना मुलांसोबत वेळ घालवायला, त्यांचे मित्र ओळखायला सांगितलं गेलं. खेळ आणि संगीतासाठी सरकारी पैसा आला. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ साली ५ टक्क्यांनी. आपल्या पुण्यातही १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उपचारात कुटुंबाला सामील करून घेतं.

आधार म्हणजे लाड नव्हेत. पैशांचा हिशेब जरूर विचारा, खोटंही पकडा. मात्र पकडल्यावर मारझोड नको, घराबाहेर काढणं नको, समुपदेशकाकडे सोबत चला. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. तो नंबर पोराच्या आधी आईवडिलांनी लावावा.