बाटली काळी झाली, पुढे काय?

मैत्रिणींनो,


पावसाळा आला की ‘पाणी उकळून प्या’ असा सल्ला सगळीकडून मिळतो. सल्ला योग्यच आहे. उकळल्याने रोगजंतू मरतात. मला खटकतं ते हे, की तो बाईलाच दिला जातो. पाणी भरणार ती, जळण आणणार ती, आणि मूल आजारी पडलं की ‘स्वच्छता पाळली नाहीस’ हे ऐकणारही तीच.

पण हे जंतू पाण्यात येतात कुठून? सगळेच जीवाणू वाईट नसतात. ‘ई-कोलाय’ हा जीवाणू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. तरी तो पाण्यात सापडला याचा अर्थ त्यात मैला मिसळला आहे, आणि मैल्याबरोबर कॉलरा-टायफॉइडचे जंतूही येऊ शकतात. म्हणून भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो मुळीच आढळता कामा नये. नळ तासभरच येतो, तेव्हा एरवी पाइपात दाब नसतो. पाइप फुटका असेल आणि गटाराजवळून जात असेल, तर घाण आत शिरते. पाणी मात्र नितळच दिसू शकतं. हा दोष आपल्या माठाचा नव्हे.

शहरंही यातून सुटलेली नाहीत. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव परिसरात गुलेन बारी सिंड्रोमची साथ आली. या आजारात हातापायांतलं बळ जातं. रुग्णसंख्या दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हा जीवाणू सापडला आणि दूषित पाण्यावर संशय आला.

गावातल्या पाच जणींना पाणी तपासायला शिकवावं, अशी जल जीवन मिशनमध्ये तरतूद आहे. ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलेली चाचणी तर अगदी सोपी आहे. औषध लावलेल्या कागदाच्या बाटलीत पाणी भरायचं; एक-दोन दिवसांत ते काळं झालं, तर ते दूषित समजायचं. हे ज्ञान आपल्या हाती यायलाच हवं. पण तपासणीचं राबणं बायकांकडे आणि निर्णय पुरुषांकडे, ही वाटणी आपल्याला मान्य नाही. बाटली काळी झाली, तर ती घेऊन ग्रामसभेत जाऊ या. टाकीत टीसीएल पावडर कधी टाकली? पाइप कधी दुरुस्त होणार? उत्तर लेखी मागू या.

तुमच्या गावात, वस्तीत काय घडलं ते आम्हाला जरूर कळवा.