पाना कोणाच्या हाती?

बाईनं गाडी चालवणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. तालुक्याच्या गावातही मुली स्कूटरवरून कॉलेजला जातात, नर्सबाई उपकेंद्रावर जातात. मातीच्या ट्रॅकवर आणि डोंगरवाटांवर मोटारसायकल पळवणाऱ्या मुलीही आहेत. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ साली बाजा शर्यतींचा महिला गटातला विश्वचषक जिंकला. तेव्हा ‘बाईला गाडी झेपेल का?’ हा प्रश्न निकालात निघाला असं धरू. पण त्याच्या मागचा प्रश्न आपण अजून विचारलेलाच नाही. गाडी बिघडली की ती उघडतं कोण? आणि उघडणारा जे सांगेल ते खरं की खोटं, हे आपण ठरवतो कशावरून?

१९४८च्या कारखाने कायद्यात बाविसावं कलम होतं. यंत्र चालू असताना त्याची तपासणी करायची, तेल घालायचं, तर ते खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानंच करावं, असं त्यात म्हटलं होतं. त्याच कलमात पुढे बाई आणि अल्पवयीन मूल यांना एका ओळीत बसवून चालत्या यंत्राची साफसफाई, तेलपाणी करायला मनाई होती. कारण सुरक्षिततेचं. मान्य आहे, पदर पट्ट्यात अडकू शकतो. पण पुरुषानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत ही अट घालायचं सुचलं. तीच अट घालून शिकलेल्या बाईलाही काम करू द्यावं, हे मात्र सुचलं नाही. कलमं बदलतात. कलमाआडची समजूत मात्र घरात, शाळेत आणि गॅरेजच्या दारात तशीच ठाण मांडून बसते.

माझ्याकडे यामाहा आरएक्स १०० आहे, १९९३ सालची. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे तयार झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजनाला हलकी. त्यामुळे पुढं कितीतरी जणांनी तिला खाचांचे टायर चढवले आणि मातीच्या शर्यतीत उतरवलं. माझीही गाडी तसलीच, चिखलातली. मागच्या वर्षी किक एकदम हलकी लागू लागली, चढावर दम राहिना, इंजिनातून खडखड ऐकू यायला लागली. कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. इंजिन न उघडताच निदान झालं, “क्रँकसकट सगळं गेलंय.” खर्चाचा आकडा सांगितला आणि वर, “ताई, साहेबांना पाठवा की, त्यांना समजावून सांगतो.” गाडी माझी, पैसे माझे आणि समजावून सांगायचं साहेबांना!

मी गाडी घरी आणली आणि ज्याला गॅरेजवाले हाफ इंजिन म्हणतात ते काम स्वतः केलं. त्यात काय असतं ते इथं मुद्दाम सांगते, कारण या कामाभोवती जे गूढ उभं केलं आहे ते चार नट सोडवले की विरघळतं.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या वरच्या भागात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, चेन नाही. वर हेड, त्याखाली सिलिंडर, आत पिस्टन, त्याच्या दोन रिंगा, एक पिन, पिनेचे दोन लॉक आणि एक छोटं बेअरिंग. एवढाच संसार. हेड काढलं, सिलिंडर वर उचलला, खालच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, म्हणजे लॉक निसटला तरी क्रँकमध्ये पडत नाही. मग कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली हलवून पाहिला. खेळ नव्हता. बाजूला थोडा हलत होता, पण तेवढी मोकळीक त्याला मुळातच दिलेली असते. ‘क्रँक गेलाय’ म्हणणाऱ्याच्या हिशेबातला मोठा आकडा तिथंच खोडला गेला.

पिस्टनवर सायलेंसरच्या बाजूला उभे ओरखडे होते, सिलिंडरच्या भिंतीवरही होते. मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. पिस्टनच्या माथ्यावर ५० हा आकडा कोरलेला, म्हणजे आधी कोणीतरी अर्धा मिलिमीटर वाढवलेला. ओरखडे खोल होते, म्हणून एक मिलिमीटर मोठा पिस्टन आधी विकत आणला आणि मग तो घेऊन शिवाजी उद्यमनगरात बोअर मारायला गेले. क्रम हाच हवा. पिस्टन मोजून त्याच्या मापानं सिलिंडर कापायचा, दोहोंत मिलिमीटरचे काही शतांश एवढीच फट ठेवायची. बोअर मारल्यावर भिंतीतल्या खिडक्यांच्या, म्हणजे पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या हलक्या हातानं मोडून घ्याव्या लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. मी ते विचारलं तेव्हा मशीनवरच्या मिस्त्रींनी वर पाहिलं आणि तिथून पुढं ते सगळं मलाच सांगू लागले. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजून दाखवला. मापाला बाई-पुरुष कळत नाही. आकडा समोर आला की अरेरावी आपोआप खाली बसते.

घरी आल्यावर सिलिंडर साबणाच्या गरम पाण्यानं धुतला, पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. लगेच तेलाचा हात दिला, नाहीतर गंज धरतो. रिंगा सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजनं मोजली. पिस्टनवरचा बाण सायलेंसरकडे, रिंगेचं तोंड खाचेतल्या खिळ्यावर, लॉक नवे, पॅकिंग नवं. हेडचे नट एकाआड एक, तिरपे, थोडे थोडे आवळले. यातली एकही गोष्ट अशी नाही, की जी भाकरीचं पीठ, शिलाईचं माप आणि कुकरची रिंग सांभाळणाऱ्या हाताला जमू नये.

पण खरं काम याच्या पुढचं. पिस्टन घासला का? हे शोधल्याशिवाय नवा घालणं म्हणजे पुन्हा नव्यानं घासायला देणं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबराला बारीक चीर होती. तिथून जादा हवा आत जायची, पेट्रोल आणि त्यातलं तेल कमी पडायचं, इंजिन तापायचं. सायलेंसरची बाजू सगळ्यात गरम, म्हणून ओरखडे तिथं. ते रबर बदललं नसतं तर नवा पिस्टनही गेला असता आणि मी दुसऱ्यांदा पैसे मोजले असते. गॅरेजनं सांगितलेल्या भल्यामोठ्या यादीत त्या रबराचं नाव नव्हतं.

यावर मैत्रिणींचे दोन आक्षेप असतात. पहिला असा, की पुरुषांना तरी कुठं येतं हे सगळं? बहुतेकांना येत नाही, खरंच. पण ज्या पुरुषाला येत नाही त्याला ‘अजून शिकला नाही’ म्हणतात. बाईला येत नाही तेव्हा ‘तिचा तो पिंडच नाही’ म्हणतात. ब्रिटनमधल्या बिॲट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईनं १९३४ साली ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर मोटारसायकलनं ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारली. पुढं युद्धात, १९४१ साली, लढाऊ विमानांची मर्लिन इंजिनं सूर मारताना बंद पडायची, त्यावर तिनं एका साध्या छोट्या भागाचा उपाय काढला. पिंडाची गोष्ट करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा आहे. घरचं, बाहेरचं करून आता गाडीही आम्हीच दुरुस्त करायची का? नाही. हे बाईच्या पाठीवर आणखी एक फुकटचं काम म्हणून मला नकोच आहे. मला ते दोन कारणांसाठी हवं आहे. एक, उघडता येत असलं की दुसऱ्याकडून करून घेतानाही फसवणूक होत नाही. दुसरं, हा पोटापाण्याचा धंदा आहे. मुलीला आयटीआयला घालायचं म्हटलं की घरात आधी शिवणकामाचं नाव निघतं. मोटार मेकॅनिकचं का निघत नाही? रोजगार असलेली एक अख्खी वाट आपण न बघताच सोडून देतो.

आपली मंडळं गाडी शिकवण्याचे वर्ग घेतात. त्याला जोडून एक जुनं टू-स्ट्रोक इंजिन आणावं, असं माझं म्हणणं आहे. ही इंजिनं धूर करतात, नव्या मोटारसायकलींत ती राहिलेली नाहीत, हे मला माहीत आहे. पण वर्णमाला शिकायला ती उत्तम आहेत. भाग मोजके, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारा, प्रत्येक चूक आणि झीज मोजता येणारी. दोन रविवार, दहा जणी, एक पान्यांचा संच, एक फीलर गेज. शिकवायला बाई मिळाली तर उत्तम, नाहीतर उद्यमनगरातले मिस्त्री येतील. फक्त एक अट घालावी. त्यांनी तोंडानं सांगायचं, पाना मात्र आपल्याच हातात राहील.