रक्त का थांबत नाही, हे विचारा

हृदयाचं ऑपरेशन झालेला पेशंट आत असतो आणि घरचे बाहेर भिंतीला टेकून बसलेले असतात. नर्स दार उघडून म्हणते, "रक्ताच्या आणखी दोन पिशव्या लागतील." घरचे धावत सुटतात. कशासाठी, हे कोणी विचारत नाही. मी नर्स होते तेव्हा मलाही कोणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलंही नाही. आज त्याचं वाईट वाटतं, म्हणून लिहिते.

अशा बऱ्याच ऑपरेशनांत हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात. यंत्रात गाठी होऊ नयेत म्हणून हेपारिन देतात आणि शेवटी प्रोटामिन देऊन त्याचा असर उतरवतात. या फेऱ्यात प्लेटलेट कमी होतात, दुबळ्याही पडतात. म्हणून छातीतल्या नळीतून थोडं रक्त येतंच. ते तासातासाला मोजतात. जास्त आलं तर प्रश्न पडतो : रक्त गोठत नाही, की आतून कुठे गळतं आहे?

तपासणी इथेच कामी येते. पीटी, एपीटीटी, प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन पाहिलं की काय कमी पडलं ते कळतं, आणि तेच दिलं जातं. सगळं ठीक असूनही रक्त वाहतच राहिलं, तर छाती पुन्हा उघडून पाहावी लागते. काही मोठ्या रुग्णालयांत टीईजी किंवा रोटेम यंत्र असतं. गाठ किती लवकर आणि किती घट्ट बनते, ते त्यावर काही मिनिटांत दिसू लागतं. मात्र ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलचा असर पीटीत दिसत नाही. या गोळ्या चालू असतील तर ऑपरेशनआधीच सांगा. मनानं बंद करू नका.

घरी आल्यावर दुसरी लढाई सुरू होते. दाटीच्या घरांतल्या पोरांचा घसा दुखतो, त्यातून कधी संधिवाताचा ताप येतो आणि पुढे झडप खराब होते. धातूची झडप बसली की वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम जन्मभर, आणि आयएनआर तपासणीही जन्मभर. झडपेप्रमाणे आकडा साधारण २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ ठेवतात. आकडा घसरला तर झडपेवर गाठ धरते, चढला तर रक्तस्राव होतो. हिरडीतून रक्त, काळी शौच, लाल लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुकानातून अंगदुखीची गोळी घेऊ नका. पालक-मेथी सोडू नका, पण एक दिवस टोपलीभर आणि आठ दिवस काहीच नाही, असंही करू नका.

जनआरोग्य योजना २०१२ साली पहिल्या टप्प्यात आपल्या अमरावती जिल्ह्यात आली आणि गरिबाला मोठं ऑपरेशन करता येऊ लागलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. पण आयएनआरसाठी अमरावतीला जायचं तर एसटीचं भाडं जातं आणि रोजही बुडतो. मग माणूस एक महिना टाळतो, मग दुसरा. माझं म्हणणं सरळ आहे : दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात ठरल्या वारी आयएनआर झालीच पाहिजे आणि रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडला पाहिजे. विहार समितीने आणि महिला मंडळाने ही मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी.

आणि पिशव्या आणायला धावाल तेव्हा जाता जाता एवढं विचारा, "सिस्टर, गोठण्याच्या तपासणीत काय आलं?" हा उद्धटपणा नाही. आतलं माणूस आपलं आहे.