बेदाण्याला कोल्ड स्टोरेज, चित्राला माळा

परवा गावातल्या एका जुन्या घरी गेलो होतो. वाडा पाडून स्लॅबचं घर बांधायचं काम चाललंय. माळ्यावरचं सामान अंगणात काढून ठेवलं होतं. तांब्याचा बंब, मोडका पाळणा, पंचांगांचा गठ्ठा आणि त्यात एक मोठी फ्रेम. फेटा बांधलेले, मांडीवर हात ठेवून बसलेले आजोबा. रंगांत काढलेलं चित्र, फोटो नव्हे. एका कोपऱ्यातून वाळवी वर चढलेली, पण चेहरा अजून जिवंत. विचारलं, कुणी काढलंय? "कोल्हापूरचा कोणतरी पेंटर आला होता म्हणे, आज्जी सांगायची." सहीच्या जागी ओलीचा डाग. भंगारवाला बाहेर उभा होता आणि भाव चित्राचा नाही, फ्रेमच्या सागवानाचा चालला होता.

मी काही चित्रातला जाणकार नाही. पण घरी येईपर्यंत डोक्यात आबालाल रहिमान घोळत होते.

आपल्या भागात आबालालांचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, चित्र मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. जन्म कोल्हापूरचा, १८६०च्या आसपासचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथं माणसाच्या आकृतीचं रेखाटन असं केलं की १८८८ साली व्हाइसरॉयचं पदक मिळालं. गंमत म्हणजे जवळपास त्याच काळात जे. जे. मध्ये आपले लक्ष्मणराव किर्लोस्करही चित्रकला शिकायला गेले होते. त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे तिथं कळलं, म्हणून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि पुढं आपल्याला किर्लोस्करवाडी मिळाली. असो.

पदक मिळवलेला माणूस मुंबईत राहिला असता तर गोऱ्या साहेबांची पोर्ट्रेट काढून बंगला बांधला असता. आबालाल परत कोल्हापूरला आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचा चित्रकार केलं, त्यांच्याकडून शिकारीची दृश्यं, माणसांची चित्रं काढून घेतली. पण हा गडी दरबारात रमणारा नव्हता. शहराबाहेर कोटितीर्थाच्या काठाला राहायचे आणि दिवसभर चित्रं काढायचे. रंकाळा, पंचगंगेचा घाट, संध्यामठ, सकाळचं धुकं, पाण्यात मोडणारी संध्याकाळची उन्हं. माणसं असली तरी लहान, वाटेनं जाणारी, घाटावर वाकलेली. ज्या हातानं जे. जे. मध्ये माणसाचा एकेक स्नायू घोटला, त्याच हातानं पुढं माणूस एवढासा करून पाण्याकाठी ठेवून दिला. मला त्यांच्या कामात सगळ्यात जास्त हेच भिडतं. चार ठिपक्यांत बाई काढलेली असते, पण तिच्या डोक्यावरच्या घागरीचं वजन तुम्हाला कळतं. शरीर आतून माहीत असल्याशिवाय हे होत नाही.

१९२२ला शाहू महाराज गेले. आबालाल आणखी एकटे पडले. २८ डिसेंबर १९३१ला ते वारले.

आता यापुढं जी गोष्ट सांगितली जाते, ती तुम्हीही ऐकली असेल. महाराज गेल्याच्या दुःखात त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली. पानाफुलांचे, मातीचे रंग स्वतः करायचे. कुणी चित्र मागितलं की फुकट देऊन टाकायचे. पैशाला शिवायचे नाहीत. फकीर माणूस! असं म्हणून आपण हात जोडतो आणि चहा मागवतो.

माझं भांडण या फकिरीच्या गोष्टीशी आहे. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती आपल्या फार सोयीची आहे. या माणसानं हजारो चित्रं काढली म्हणतात. त्यातली मोजकीच आज बघायला मिळतात, काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत. बाकीची गेली कुठं? विचारलं की उत्तर तयार असतं, त्यानंच बुडवली. म्हणजे गुन्हेगारही तोच आणि संतही तोच, आपण नामानिराळे! अहो, समजा बुडवलीही काही. पण जी त्यांनी लोकांना वाटली, ती तर कोरड्या घरात गेली होती ना? ती कुणी बुडवली? ती माळ्यावर गेली, पावसाळ्यात पत्रा गळला, वाटण्या झाल्या, वाडे पडले. काचेच्या आत देवाचं कॅलेंडर बसवायला फ्रेम रिकामी केली. हे कुणी एका दिवसात केलं नाही, म्हणून त्याची दंतकथा झाली नाही.

एकांतात राहणाऱ्या माणसाबद्दल आपण दोनच प्रकारे बोलतो, विक्षिप्त नाहीतर महात्मा. त्याला रोज आठ-दहा तास काम करायला शांतता हवी होती, एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचत नाही. वासुदेव गायतोंडेंचं तेच. आयुष्यभर माणसांपासून लांब राहिले, २००१ साली गेले तेव्हा आपल्याकडं किती जणांना कळलं? २०१४ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, चित्रं कोट्यवधीला जायला लागली आणि मग आपल्याला ते 'आपले' वाटायला लागले. आबालालांच्या नशिबात लिलावाचा हातोडाही नव्हता.

दुसरी बाजूही आपल्या शेजारीच आहे. तासगावातून विट्यावरून, पुसेसावळीमार्गे औंधला जा. दोन तास लागतात. यमाईच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींनी १९३८ला म्युझियम उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं आहेत, हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. केवढं होतं औंध संस्थान? कुंडल त्यात, आटपाडी त्यात, सगळा दुष्काळी मुलूख. पैसा होता म्हणून म्युझियम झालं असं कुणी म्हणू नये. भवानराव स्वतः चित्रं काढायचे, त्यामुळं कागद किती लवकर मरतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आधी भिंती बांधल्या. त्या भिंतींमुळं चित्रं अजून आहेत.

आणि आबालालांनी रंगवलेलं कोल्हापूर? कपिलतीर्थाचं मार्केट झालं, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. तळी बुजली. ज्या पाण्याकडं बघून तो माणूस बसायचा, ते पाणी कसं दिसायचं याचा पुरावा आज त्या कागदांवर आहे. म्हणून चित्र हे श्रीमंतांच्या दिवाणखान्याचं सामान आहे, हे माझ्या डोक्यात कधी बसलं नाही. सातबाऱ्याइतकाच तो कागद महत्त्वाचा आहे.

आता आपल्या गावाचं बोलू. बेदाणा खराब होऊ नये म्हणून आपण किती कोल्ड स्टोरेज बांधली! उन्हाळ्यात माल आत टाकतो, भाव येईपर्यंत महिनोन् महिने दाण्याचा रंग टिकवतो. रंग टिकवण्याचं शास्त्र तासगावच्या माणसाला कुणी शिकवायला नको. पिवळा, हिरवा, काळा, रंग बघून सौदा करणारी माणसं आपण. आणि इथंच एकाही चित्राला कोरडी भिंत नाही.

मला शाळेत चित्रकला शिकवणारे सर रविवारी सायकलवर बोर्ड टाकून निघायचे. गणपतीच्या देवळाचं गोपूर त्यांनी किती वेळा काढलं असेल! सकाळचं, पावसातलं, रथोत्सवाच्या गर्दीतलं. स्वभावानं तुसडे होते, सभा-समारंभाला यायचे नाहीत, निवृत्तीचा सत्कारही घेतला नाही. ते गेल्यावर वर्षभरात घर विकलं गेलं. चित्रांचं काय झालं विचारलं, तर म्हणाले, "पावसात भिजली होती, टाकली." आमच्याकडं त्यांच्या हातचं एक आहे, ते मी इंटरमिजिएटच्या परीक्षेत पास झालो म्हणून त्यांनी दिलं होतं. आजकाल पोरं त्या परीक्षेला दहावीच्या जादा मार्कांसाठी बसतात. बसू देत. पण मार्क मिळाले की ब्रश कायमचा ठेवतात, कारण गावात बघायला एकही चित्र नाही.

कलादालन बांधा, कोटीचा निधी आणा, असं मी म्हणणार नाही. भूमिपूजन होईल, फलक लागेल, पुढं गवत उगवेल. मला एक खोली पाहिजे. वाचनालयाची असो, शाळेची असो, नगरपालिकेची असो. छत न गळणारी, भिंतीला ओल नसलेली. तासगाव आणि आसपासच्या गावांतल्या घरांत जी जुनी चित्रं आहेत, त्यांची आधी नोंद व्हावी. कुणाचं, कधीचं, कुणी काढलेलं. ज्यांना द्यायची आहेत त्यांनी द्यावीत, ज्यांना घरातच ठेवायची आहेत त्यांनी निदान मोबाईलवर नीट फोटो काढून ठेवावा, मागची बाजूसुद्धा, कारण नाव-गाव बऱ्याचदा मागं लिहिलेलं असतं. भिंतीला चिकटवून टांगू नका, मागं बोटभर जागा सोडा. आणि ओल्या फडक्यानं पुसू नका, हात जोडून सांगतो.

त्या फेटेवाल्या आजोबांची फ्रेम मी सागवानाच्या भावानं घेऊन आलोय. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय, अर्धं वाळवीनं खाल्लंय. मोडी वाचणारं कुणी असेल तर रविवारी सकाळी घरी या, चहा ठेवतो.