परिषद संपली, पुढे काय?

समता, विविधता आणि सामाजिक न्याय या विषयांवर दरवर्षी परिषद भरवण्याची प्रथा आता अनेक देशांतील विद्यापीठांत रूढ झाली आहे. दीपप्रज्वलन होते, विद्वानांची भाषणे होतात, ठराव संमत होतात, चहापान होते आणि मंडळी आपापल्या घरी जातात. अशा परिषदा निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु परिषदेची खरी परीक्षा सभागृहात होत नाही, ती दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. त्या सकाळी कोणी कोणते काम अंगावर घेतले, एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे. या दृष्टीने न्यूझीलंडमधील माओरी लोकांचा इतिहास आपल्या वाचकांनी लक्षपूर्वक पाहावा, अशी आमची इच्छा आहे.

न्यूझीलंड हा आपल्यासारखाच समुद्राने वेढलेला देश. १८४० साली ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात वाइतांगी येथे करार झाला. माओरींच्या जमिनी आणि त्यांना प्रिय असलेल्या गोष्टी यांचे रक्षण करण्याचे वचन त्यात होते. वचन कागदावर राहिले. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम झाले. पुढे पुढे तर शाळेच्या आवारात मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांनी छड्या खाल्ल्या. परिणाम काय झाला? १९१३ साली माओरी शाळकरी मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांना आपली भाषा बोलता येत होती. १९५३ साली हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले आणि १९७५ साली अवघ्या ५ टक्क्यांवर. एका मनुष्याच्या आयुष्यात एवढा ऱ्हास झाला. आजोबांना भाषा येत होती, नातवाला येत नव्हती, आणि मधल्या पिढीतील आईबाप मुलाच्या भल्यासाठी म्हणून इंग्रजीच बोलत होते.

अशा काळात ऑकलंडच्या विद्यापीठात तरुण माओरी नेत्यांच्या परिषदा भरल्या. पहिली १९३९ साली भरली, तीत माओरींचे थोर पुढारी सर आपिराना न्गाता यांचा पुढाकार होता. नंतर १९५९ साली आणि पुन्हा १९७० साली परिषद झाली. १९७० च्या परिषदेच्या संयोजनात रंगिनुई वॉकर हे होते. पुढे ते विद्वान इतिहासकार म्हणून गाजले, पण एके काळी ते प्राथमिक शाळेत शिकवणारे शिक्षक होते, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष अभिमानाची वाटते. या परिषदेतून ‘न्गा तामातोआ’, म्हणजे ‘तरुण योद्धे’, ही संघटना उभी राहिली.

या तरुणांनी दुसऱ्या परिषदेची वाट पाहिली नाही. त्यांनी आणि वेलिंग्टनच्या विद्यापीठातील माओरी भाषा मंडळाने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. १४ सप्टेंबर १९७२ रोजी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज हाना ते हेमारा या तरुणीने संसदेपुढे सादर केला. मागणी साधी होती: माओरी मुले जिथे बहुसंख्येने आहेत त्या शाळांत माओरी भाषा शिकवावी आणि इतर शाळांत ती ऐच्छिक विषय म्हणून ठेवावी. गोऱ्या नागरिकांसाठी ही आमच्याकडून भेट आहे, असेही त्यांनी म्हटले. हक्क मागतानाही दुसऱ्याला काही देऊ करण्याची ही वृत्ती आम्हांस फार मोलाची वाटते.

अर्जानंतर पुढल्या दोन-तीन वर्षांतच अस्खलित माओरी बोलणाऱ्यांना शिक्षक करण्यासाठी एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम सुरू झाला. तरीही माओरी समाजाने ओळखले की केवळ शाळेतील तासाने भाषा वाचणार नाही. १९८२ साली वेलिंग्टनजवळ वाइनुइओमाता येथे पहिले ‘कोहंगा रेओ’ सुरू झाले. या शब्दांचा अर्थ ‘भाषेचे घरटे’. शाळेत न जाणारी लहान मुले, भाषा जाणणारे आजी-आजोबा, आणि दिवसभर खेळणे, जेवणे, गाणे, रुसणे सारे माओरीतच. १९८५ साली ऑकलंडमधील होआनी वाइतिती येथे माओरी माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली. अशा शाळांना कायद्याची मान्यता मिळाली ती १९८९ साली. म्हणजे शाळा आधी, मान्यता नंतर! १९८७ साली माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. १९९४ पर्यंत अशी सुमारे ८०० घरटी उभी राहिली होती आणि त्यांत १४,००० मुले होती.

ही कथा सुखाची आहे, पण तिला दुसरी बाजूही आहे. ज्या विद्यापीठात १९७० ची परिषद भरली, त्याच विद्यापीठात अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी माओरींच्या हाका नृत्याची चेष्टा करीत. अंगावर अश्लील चित्रे काढून, गवताचे झगे घालून ते नाचत. माओरी विद्यार्थी वर्षानुवर्षे तक्रार करीत होते, पण कोणी दाद दिली नाही. अखेर १ मे १९७९ रोजी माओरी तरुणांचा एक गट तालमीच्या ठिकाणी गेला, मारामारी झाली, खटले झाले. त्यानंतर तो तमाशा कायमचा बंद पडला. मारामारीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु शांतपणे केलेल्या तक्रारी ज्या संस्थेत वर्षानुवर्षे ऐकल्या जात नाहीत, तिने समतेच्या परिषदेसाठी सभागृह दिले म्हणून ती न्यायी ठरत नाही. न्यायाची गोष्ट व्यासपीठावर आणि अपमान अंगणात, हे चित्र फक्त न्यूझीलंडचे आहे काय? घरोघरी मातीच्याच चुली.

काही लोक विचारतात, सर्वांना एकच नियम लावला म्हणजे समता झाली, मग आणखी काय हवे? ऑकलंडच्या वैद्यकीय शिक्षणात १९७२ पासून माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची स्वतंत्र योजना आहे, तिच्याविषयी हा प्रश्न आजही निघतो. मराठी माणसाला याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातील ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. नुसती जागा राखून भागत नाही, त्या जागेपर्यंत पोहोचणारा मुलगा तयार करावा लागतो, हे जाणून त्यांनी वसतिगृहांना हात दिला आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्याला शर्यतीत मागे उभे केले, त्याला आधी रेषेपर्यंत आणणे हाच न्याय होय.

मिळालेला न्याय तिजोरीत ठेवता येत नाही, हेही न्यूझीलंडने अलीकडे दाखवले. वाइतांगी कराराच्या तत्त्वांचा अर्थ बदलू पाहणारे विधेयक संसदेत आले तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये हजारो लोक पदयात्रेने वेलिंग्टनला गेले. १० एप्रिल २०२५ रोजी ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले. त्या पदयात्रेत भाषेच्या घरट्यांत वाढलेली पिढीही चालत होती.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या बेटाकडे वळू. आपले पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांत आले. त्यांनी गणपती आणला, झाकरी आणली, ओव्या आणल्या. आज आपल्या मुलांना शाळेत मराठी हा विषय आहे, सरकारी शिक्षक आहेत, पुस्तके आहेत. माओरींना जे मागून, झगडून मिळवावे लागले, त्यातले बरेच आपल्या हाती आहे. परंतु तास संपल्यावर मूल घरी जाते आणि घरी क्रियोल बोलते. क्रियोल आपलीच आहे, तिच्याविषयी आकस नको. प्रश्न एवढाच की परीक्षेत मराठीला चांगले गुण मिळवणारे मूल आजीशी मराठीत पाणी मागते काय? वर्गात शिकवणाऱ्याला हे ठाऊक असते की फळ्यावर भाषा शिकवता येते, पण ती जगते स्वयंपाकघरात.

आपल्याकडेही सभा-संमेलने होतात, होत राहावीत. आमची सूचना एकच आहे. यापुढे प्रत्येक सभेच्या शेवटी ठरावाबरोबर एक यादी वाचली जावी: कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणती आजी किंवा कोणते काका चार-पाच लहान मुलांना घेऊन तासभर केवळ मराठीत बसणार. यादीत नावे नसतील तर ठराव संमत करू नये. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. चटई, थोडा खाऊ आणि गोष्टी सांगणारे तोंड एवढे पुरे. ज्यांना अजून चांगली मराठी येते, अशी वडीलधारी माणसे आपल्या गावांत आज थोडीच उरली आहेत. ती आहेत तोवर हे काम व्हायला हवे. थेंबे थेंबे तळे साचते, पण पहिला थेंब कोणीतरी टाकावा लागतो.