रिकाम्या तासाचीही नोंद हवी

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात एक बातमी हमखास येते. कुठल्याशा पुळणीवर दमलेला मास्क्ड बूबी सापडतो, कुठे फ्रिगेटबर्ड माडाच्या झापांत अडकलेला असतो. गावकरी पाणी पाजतात, वनखाते येते, फोटो छापून येतो आणि विषय संपतो. समोरच्या अरबी समुद्रातल्या पक्ष्यांविषयी आपली बरीचशी माहिती अशीच गोळा झालेली आहे; म्हणजे दवाखान्याच्या नोंदवहीवरून गावाची शिरगणती करावी, तसा हा प्रकार. वाऱ्याने किनाऱ्यावर आणून टाकलेला पक्षी बहुधा कोवळा, उपाशी किंवा आजारी असतो. त्याचे धडधाकट भाऊबंद खोल पाण्यात किती आहेत, कुठे चरतात, कोणत्या महिन्यात येतात, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी बोटीनेच बाहेर जावे लागते. म्हणून दुर्मीळ समुद्रपक्षी पाहण्यासाठी निघणाऱ्या सफरी वाढाव्यात असे मला वाटते. अट एकच: बोट परतताना प्रत्येक तासाची नोंद घेऊन यावी, आणि एकही पक्षी न दिसलेला तास त्यातून गाळू नये.

हौशी लोकांच्या बोटीतून काय हाती लागू शकते, हे न्यूझीलंडने दाखवले आहे. न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल हा चिमुकला पक्षी एकोणिसाव्या शतकातल्या, संग्रहालयांत जपलेल्या तीन नमुन्यांवरूनच माहीत होता आणि नामशेष मानला गेला होता. जानेवारी २००३ मध्ये व्हिटिआंगाजवळच्या समुद्रात पक्षीनिरीक्षकांच्या बोटीवरून तसा एक पक्षी दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाउराकी आखातात आणखी पक्ष्यांची छायाचित्रे मिळाली आणि शंका मिटली. पुढचे काम शास्त्रज्ञांचे. त्यांनी समुद्रातच पक्षी पकडले, अंगावर रेडिओ ट्रान्समीटर लावले आणि २०१३ मध्ये लिटल बॅरियर बेटावरच्या जंगलात त्यांची वीण शोधून काढली. या बेटावरची मांजरे १९८० पर्यंत आणि उंदीर २००४ पर्यंत हटवलेले होते. एक हुकलेला पक्षी सापडला, असा या गोष्टीचा अर्थ काढणारे अर्धीच गोष्ट सांगतात. ठिकाण, वेळ आणि छायाचित्र जागेवर नसते, तर ते दर्शन बंदरावरच्या गप्पांतच विरले असते.

आपल्याकडे तर इतक्या नाट्याचीही गरज नाही. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा चिमणीहून थोडा मोठा, तीस-चाळीस ग्रॅमचा काळपट पक्षी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यांवर वीण करतो आणि तिकडच्या हिवाळ्यात विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रात येतो. शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, बारीक लांब पाय, बोटांमध्ये पिवळे पडदे. पंख उचलून तो लाटेवर पाय टेकवत टेकवत जातो आणि पाण्यावरचे बारीक जीव टिपतो. तो दुर्मीळ नाही. जगातल्या सर्वाधिक संख्येच्या समुद्रपक्ष्यांत त्याची गणना होते. पण कोकणासमोर तो यंदा नेहमीपेक्षा कमी आला का, हे सांगायला मागच्या वर्षांचे आकडे लागतात, आणि ते ‘दिसला’ एवढ्या शब्दातून निघत नाहीत. किती वाजता निघालो, बोटीचा वेग काय, वारा कसा, टेहळणीला माणसे किती, हे लिहिले तरच दोन वर्षांची तुलना होते. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर समुद्रातल्या फेरीसाठी तासातासाची वेगळी यादी करण्याची पद्धत आहेच. जगभर ज्या समुद्रपक्ष्यांच्या वस्त्यांवर नियमित लक्ष ठेवले गेले, त्यांची संख्या १९५० ते २०१० या काळात सुमारे ७० टक्क्यांनी घटली. हे हिशेब मुख्यतः विणीच्या बेटांवरचे. वर्षाचे उरलेले महिने हे पक्षी जिथे काढतात, तिथले पान बरेचसे कोरे आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ही पैसेवाल्यांची हौस, वर डिझेलचा धूर. तो खोटा नाही. यादीत एक नाव वाढावे म्हणून दिवसभर इंजिन तापवणे मलाही पटत नाही, आणि नोंदीची अट त्यासाठीच आहे. मच्छीमार तसेही रोज बाहेर जातात. जाळे ओढले की सुरय आणि कुरव मागे लागतात, हे तांडेलाला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. मग नवी बोट काढण्यापेक्षा तिथे एक शिकलेला मोजणारा बसवावा, असे कोणी म्हणेल. तेही व्हावे. पण मासेमारीची बोट मासळीमागे जाते, शिवाय मागे येणारा थवा टाकाऊ मासळीच्या ओढीने जमलेला असतो. ती गणती समुद्राची नव्हे, बोटीची होते. माशांचे तेल टाकून पक्षी बोलावणाऱ्या सफरींनाही हेच लागू पडते. तेल टाकण्याआधीची आणि नंतरची नोंद वेगळी ठेवली नाही, तर सगळा खटाटोप वाया. भूगोलाचेही भान हवे. मुंबईसमोर उथळ खंडमंच सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे. एका दिवसाच्या फेरीत त्याची कड गाठता येत नाही. दक्षिणेकडे तो अरुंद होतो, म्हणून अशा सफरींना मुंबईपेक्षा वेंगुर्ला किंवा गोवा सोयीचे.

सुरक्षेचा मुद्दा मात्र हौसेपेक्षा मोठा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि नेमक्या याच दिवसांत किनाऱ्यावर दमलेले पक्षी सापडतात म्हणून कोणी बोट काढायला निघाला, तर त्याला थांबवलेच पाहिजे. मेचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर-ऑक्टोबर एवढे पुरेसे आहेत. वेंगुर्ल्याच्या खडकांवर पाय ठेवण्याचा आग्रहही नको. तिथे सुरय घरटी करतात, आणि तिथल्या गुहांतल्या पाकोळ्यांची घरटी चोरून विकली जात असल्याचे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने उघडकीस आणले होते. बेटापासून लांब राहणे ही परवान्यातच अट असावी. मासेमारीसाठी नोंदलेली बोट आणि प्रवासी नेण्याचा परवाना असलेली बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाइफ जॅकेट, वायरलेस, विमा आणि माणसांची मर्यादा स्पष्ट असलेला एक छोटा, हंगामी परवाना मेरीटाइम बोर्डाने काढला आणि प्रत्येक फेरीची यादी जमा करणे त्यात बंधनकारक केले, तर तांडेलालाही मासळी नसलेल्या दिवसांचे चार पैसे मिळतील.