खोटं छत

आमच्या मराठवाड्यात ‘सिलिंग’ म्हटलं की शेतजमिनीचं. 1961 चा कायदा, त्यात कोणाची किती गेली, कोणी कोणाच्या नावावर चढवली, पारावर एवढीच चर्चा. 1975 ला मर्यादा आणखी खाली आली, कोरडवाहूला 54 एकर, तेव्हा घरातल्या मांजराच्या नावाने सातबारा निघतो का, याचीही काहींनी चौकशी केली म्हणे. पण ते सिलिंग निदान खरं होतं. आताचं सिलिंग स्वतःच स्वतःला ‘फॉल्स’ म्हणवून घेतं आणि आमचे लोक पदरचे पैसे मोजून ते डोक्यावर घेतात.

धर्माबादेत नवं घर बांधणाऱ्याला हल्ली ‘होम थिएटर’ची खोली लागते. देवघर जिन्याखाली गेलं तरी चालेल. त्या खोलीच्या छताला चहूबाजूंनी पीओपीचा पायऱ्यापायऱ्यांचा लोंबता काठ, मधोमध कमळ, काठाच्या आत लपवलेले निळे दिवे. माझ्या पुतण्याने असाच नकाशा आणून पुढ्यात ठेवला.

“हे कशासाठी रे?”

“काका, शो येतो.”

कोणता? सहाचा की नऊचा?

आता असा काठ बांधायला कारण असू शकतं, नाही असं नाही. एसीचा नळ आहे, खाली उतरलेला बीम आहे, स्पीकरच्या वायरी आहेत, झाका की. आमच्याकडे झाकण्याजोगं काही नाही, पण झाकण पाहिजे! आणि तेही कुठे? ज्या खोलीला अंधार हवा, तिथे दिव्यांची आरास. पडद्यावरचा उजेड पांढऱ्याशुभ्र छतावर आपटून परत पडद्यावर येतो आणि सिनेमातली काळी रात्र राखाडी होऊन बसते. म्हणून तर थिएटरवाले छत गडद ठेवतात. आवाजाचंही तेच. पीओपी म्हणजे भाजून दळलेला जिप्सम, टणक आणि गुळगुळीत. त्यावर आवाज आदळून घुमतो. नायिकेचं एक वाक्य दोनदा ऐकू यावं, यासाठी हजारो रुपये?

पंख्याचं तर विचारूच नका. दहा फुटांची खोली, तिच्यातला फूटभर या शोभेने खाल्ला. पंख्याच्या पात्याला वरून हवा ओढायला जागा लागते. तो छताला चिकटवला की नुसता फिरतो, वारा देत नाही. मे महिन्यात, वीज गेल्यावर एसी मुका झालेला असताना आणि पंखा इन्व्हर्टरवर रडत असताना ते कमळ पाहत बसा. शिवाय गाव मिरचीचं. काठाच्या खोबणीत जी धूळ साचेल ती साधी नव्हे, आणि तिथवर फडकं पोचत नाही. करुण प्रसंगाला सगळं घर शिंकणार.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला माळवदाची आठवण येऊ लागली. येते ना! तुळया, त्यांवर किलचनं, वर मातीचा जाड थर. घर गार राहायचं आणि आवाज घुमायचा नाही. पण त्याच मातीचं ओझं आणि दगडमातीच्या भिंती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीकडे झोपलेल्या हजारो माणसांवर आल्या. तेव्हा माळवदाचे गोडवे मी गाणार नाही. मी एवढंच म्हणतो की वर काय टांगलंय आणि ते कशावर टांगलंय, हा प्रश्न मराठवाड्याच्या माणसाने तरी विचारावा. पीओपी मातीपेक्षा हलकं, कबूल. पण दहा घरांतल्या यजमानांना मी विचारलं, आतला सांगाडा स्लॅबला कशाने धरलाय? नऊ जणांनी दिव्याचे रंग किती ते सांगितलं. दहाव्याने रिमोटच हातात दिला.

पुतण्याला मी सांगून ठेवलंय. स्लॅब आहे तसा राहू दे, त्याला चकाकी नसलेला गडद रंग दे. वायरी भिंतीच्या कडेने पट्टीतून ने. पंखा पुरेसा खाली सोड. समोरच्या आणि बाजूच्या भिंतींवर जाडजूड गोधड्या टांग, आवाज शोषायला त्यासारखं दुसरं काही नाही. सात गोधड्या आमच्या घरी नुसत्या पडून आहेत. काकू द्यायला तयार आहे, फक्त खिळे ठोकू नको म्हणते, वरून काठी ओवून अडकव.